एका डॉलरचं घर: घसारा सिद्ध करताना आलेला अनुभव

घर माझं, भाडं मी माझ्याच रिटर्नमध्ये दाखवलेलं, तरी २०२१च्या शेड्यूल ईमधला (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) ८,१४५ डॉलरचा घसारा, म्हणजे घराच्या किमतीचा दरवर्षी खर्च म्हणून वजा होणारा भाग, अमेरिकेच्या आयकर खात्याला सिद्ध करून द्यायला मला सात महिने लागले. अजून आठवलं की चीड येते.

न्यू जर्सीतलं हे घर मी २०१४ साली भाड्याने द्यायलाच घेतलं, ३,२०,००० डॉलरला. २०१९ मध्ये वकिलाच्या सांगण्यावरून ते रिव्होकेबल, म्हणजे हवा तेव्हा मोडता येणाऱ्या, ट्रस्टच्या नावावर केलं. मुलांना पुढे प्रोबेटची (वारसा कोर्टातून मिळवण्याची) धावपळ नको म्हणून. त्या डीडवर (मालकी बदलल्याच्या दस्तावर) मोबदला लिहिलाय एक डॉलर. घोडं अडलं ते तिथेच.

आयकर खात्याचं पत्र आलं: ट्रस्टने घर कितीला घेतलं, पुरावा द्या. मी २०१४चे कागद पाठवले. उत्तर आलं, खरेदीदार वेगळा, मालक वेगळा. फोन लावला की पाऊण तास ताटकळायचं, मग दर वेळी नवा माणूस आणि मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकीने तर विचारलं, "किंमत एक डॉलरच आहे ना?" ट्रस्ट कधीही मोडायचा अधिकार माझ्याकडे आहे, म्हणून आयकराच्या दृष्टीने मालक मीच, ही विक्री नव्हेच, जुनी किंमत आणि तोवर घेतलेला घसारा तसाच पुढे चालतो, हे मी किती जणांना सांगितलं असेल! ट्रस्टचे चाळीस पानी कागदही पाठवले. कोणी वाचले नाहीत.

शेवटी सीपीएने (माझ्या अकाउंटंटने) एक पानी पत्र लिहिलं आणि मागे तारखेप्रमाणे कागद लावले: २०१४चं डीड, क्लोजिंगचं एचयूडी-१ (खरेदीच्या वेळचा हिशेबाचा कागद), २०१९चं डीड, आणि ट्रस्टची फक्त तीन पानं. नाव, मोडण्याचा अधिकार, सह्या. अधिकाराच्या ओळीवर पिवळा मार्कर. एवढंच आधी केलं असतं तर!

जमिनीवर घसारा मिळत नाही. आमच्याकडे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात जमीन आणि बांधकाम वेगवेगळं असतं, त्यावरून ३० टक्के जमीन धरली. उरलेले २,२४,००० भागिले घसाऱ्यासाठी ठरलेली २७.५ वर्षं, म्हणजे ते ८,१४५. यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि हो, पहिल्या वर्षीचा फॉर्म ४५६२ (घसाऱ्याचा फॉर्म) जपून ठेवा. नंतर नवीन काही घेतलं नसेल तर तो दरवर्षी रिटर्नला जोडावा लागत नाही, त्यामुळे वर्षावर्षाचा तक्ताही सीपीएकडून मागून घ्या. माझं एचयूडी-१ तळघरात मुलाच्या शाळेच्या वह्यांखाली सापडलं.

"बदल नाही" असं पत्र आलं त्या रात्री मी शांत झोपले. ते पत्र आता त्या एक डॉलरच्या डीडला स्टेपल करून ठेवलंय.