बोट वाकवा ताई

सोयाबीनची कापणी सुरू झाली की आमच्या ओपीडीत डावे हात यायला लागतात. डावेच, कारण उजव्या हातात विळा अन् डाव्यात सोयाबीनची मूठ, आणि विळा निसटला की आधी करंगळी सापडते मग अनामिका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात हाडांचा डॉक्टर आहे. हाताची सर्जरी शिकायला कोइम्बतूरला गेलो तेव्हा मित्र म्हणाले, नागपूरला नाहीतर पुण्यात बस, खेड्यात हात घेऊन कोण येतंय तुझ्याकडे. त्यांना एकदा ऑक्टोबरात बोलवायला पाहिजे.

मागच्या हंगामात एक ताई आली, पस्तिशीतली, मजुरीनं कापणीला जाणारी, सोबत नववीतली पोरगी. जखम 9 दिवसांची. आधी हळद दाबली, मग एका ठिकाणी टाके घातले. टाके सुरेख होते, खरंच सांगतो, माझ्यापेक्षा बरे, चामडी मस्त भरलेली.

"नस कटली होती म्हणे, जोडली बी म्हणे, पण बोट वाकूनच नाही राह्यलं जी."

आमच्याकडे नस म्हणजे सगळंच. रक्ताची नळी पण नस, स्पर्श कळवणारी नर्व्ह पण नस आणि बोट ओढणारी दोरी म्हणजे टेंडन, ती पण नसच. त्यामुळे नेमकं काय जोडलं ते तिला विचारून उपयोग नव्हता. मी फक्त हात टेबलावर उताणा ठेवायला सांगितला. हात सैल सोडला की बोटं आपसूक थोडी वाकून पडतात, करंगळीकडं जास्त. हिची अनामिका आणि करंगळी काडीसारखी सरळ. आणि करंगळीच्या कडेला फोड होता, तव्याचा. चटका बसला ते तिला समजलंच नव्हतं, पोरीनं दाखवलं तेव्हा कळलं. म्हणजे करंगळीची तिकडची नर्व्ह पण गेलेली.

टाके घालणाऱ्यावर राग काढणं सोपं आहे. पण टाके घालायच्या आधी "बोट वाकव" एवढं विचारायचं असतं हे आपल्याकडे एमबीबीएसमध्ये किती जणांच्या डोक्यात शिरतं? मी स्वतः इंटर्न असताना किती बोटं अशी शिवून घरी पाठवली असतील, आता आठवायची हिंमत नाही. तसं पाहिलं तर ही सर्जरी आपल्या देशात काही नवी नाही, 1940च्या दशकाच्या शेवटी पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर टेंडन फिरवायची ऑपरेशनं करत होते, म्हणजे इकडे वरोऱ्याला आनंदवन उभं राहत होतं साधारण तोच काळ. वेल्लोरपासून आमच्या तालुक्यापर्यंत यायला मात्र फारच वेळ लागला.

असो. 2 आठवड्यांच्या आत जोडलं तर ठीक, नंतर टेंडन आखडतं. आमचा भूलतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आणि त्या शुक्रवारी तो सुट्टीवर. नागपूरला पाठवू का विचारलं तर ताई पोरीकडं बघायला लागली. मग ठरवलं, जागेपणीच करायचं. जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि त्यात रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनलिन. बोटात अ‍ॅड्रेनलिन द्यायचं नाही, बोट काळं पडतं, हे आम्हाला घोकवून शिकवलेलं, पण ती भीती प्रोकेन या बधिर करायच्या जुन्या औषधाच्या काळातली, कॅनडाच्या लालोंद यांच्यासारख्या सर्जननी हजारो हातांवर हे करून दाखवलंय. इंजेक्शन दिलं आणि अर्धा तास नुसता चहा पीत बसलो, कारण अ‍ॅड्रेनलिनला तेवढा वेळ द्यावाच लागतो, मग रक्त थांबवायला दंडाला आवळायचा पट्टा, टूर्निकेट, तो पण लागत नाही.

टेंडनचं वरचं टोक तळहातात पळालेलं. ते बोटाच्या बोगद्यातून परत आणायला आम्ही तान्ह्या बाळाची फीडिंग ट्यूब वापरतो, बोटाकडून आत सरकवायची, तळहातात टोक तिला बांधायचं आणि हळूच ओढायचं. त्याच बोगद्याच्या भागाला जुने सर्जन नो मॅन्स लँड म्हणायचे, तिथं टेंडन जोडलं तर चिकटणारच असं धरून चालायचे. दोन्ही बोटं जोडायला दीड तास गेला, करंगळीची नर्व्ह लूप, म्हणजे भिंगाचा चष्मा, लावून शिवली ती वेगळी. ताई मधेमधे सिस्टरला घरच्या बकरीचं सांगत होती.

मग म्हणलं, ताई, बोट वाकवा.

करंगळी वाकली. अनामिका अर्ध्यात अडकली. माझ्याच गाठीचा फुगवटा पुलीच्या, म्हणजे बोगद्यातल्या पट्ट्याच्या, कडेला अटकत होता, उघड्या जखमेत स्वच्छ दिसत होतं. पूर्ण भूल असती तर मी खूश होऊन जखम बंद केली असती आणि दोन महिन्यांनी बोट का वाकत नाही म्हणून फिजिओथेरपीच्या नावानं खडे फोडले असते. पुलीची कड थोडी मोकळी केली. परत म्हणलं, वाकवा.

तिनं मान वर करून हाताकडं बघितलं. उघडं मांस, त्यात पांढरी दोरी सरकतेय आणि बोट तळहाताकडं येतंय.

"हालून राह्यलं जी! पाह्य ना!" हे सिस्टरला. सिस्टर माझ्याकडं बघायला तयार नाही, तिच्या डोळ्यांत पाणी.

खरं काम पुढचं. 6 आठवडे हाताला आधाराचं स्प्लिंट, दिवसातून कितीदा तरी व्यायाम, आणि हॅन्ड थेरपिस्ट आमच्याकडे कुठून आणू? स्प्लिंटची शीट मी चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात मऊ करून तिच्या हातावर बसवली. व्यायाम पोरीला शिकवले, तिच्या मोबाइलवर माझा व्हिडिओ टाकून दिला, ती रोज रात्री आईचा व्हिडिओ पाठवायची, मागे टीव्हीचा आवाज. एकदा आई वेगात ओढतेय दिसलं तर मी रात्री 10 वाजता फोन करून ओरडलो.

तोवर कापसाची वेचणी सुरू झाली. वेचणी किलोवर असते, हात बांधून घरी बसलं तर पैसा नाही, आणि मी तिला 6 आठवडे घरी बसा सांगून मोकळा झालेलो.

चौथ्या आठवड्यात ती आली. स्प्लिंट काळंकुट्ट. बोटं बघितली, दोन्ही छान वाकत होती, करंगळीची कड अजून बधिर, ते अपेक्षितच, नर्व्ह दिवसाला 1 मिलिमीटर वाढते. मग पट्टा सोडायला गेलो तर तो निघेना, व्हेलक्रोमध्ये कापसाचे तंतू गच्च बसलेले. मी वर बघितलं.

"एकाच हातानं वेचलं जी," ती म्हणाली, "याले हातबी नाही लावला."

मी चिमटा हातात घेतला आणि एकेक तंतू काढत बसलो.