दारावर कोण उभं राहणार: आमच्या मंडळीची तयारी

अमेरिकेत इमिग्रेशनचे अधिकारी, म्हणजे 'आइस'वाले, २०११च्या एका सूचनेमुळे चर्च, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी एरवी कारवाई करत नसत. जानेवारी २०२५मध्ये नव्या सरकारनं ते संरक्षण काढून घेतलं. त्यानंतर न्यू जर्सीतल्या आमच्या चर्चच्या स्पॅनिश उपासनेत बाकं रिकामी दिसू लागली. ज्यांच्या मुलांना मी रविवारी बायबल शिकवत होते, तीच कुटुंबं येईनाशी झाली. तेव्हा मला फार राग आला होता.

पहिल्या बैठकीत पास्टर म्हणाले, "प्रार्थना करूच, पण आधी वकील बोलावू." या सगळ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच, असं मला आजही वाटतं. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सदस्यांत, उघडपणे आश्रय द्यावा की नाही यावर दोन तट होते. काही ज्येष्ठांना अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहराची आठवण होती. २४ मार्च १९८२ रोजी तिथल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं, पाळक जॉन फाइफ यांच्या पुढाकारानं, एल साल्वादोर आणि ग्वातेमालातून जीव वाचवून आलेल्यांना उघडपणे आश्रय दिला होता. पुढे फाइफ आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना कोर्टानं दोषीही ठरवलं. दुसऱ्या तटाला नेमकी हीच भीती होती.

वकीलबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. एखाद्याला अधिकाऱ्यांपासून लपवून ठेवणं गुन्हा ठरू शकतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जेवण देणं, हक्कांची माहिती देणं, कोर्टात सोबत जाणं यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मग त्यांनी आम्हाला इमारतभर फिरवलं. उपासनेला सर्वांसाठी उघडं असलेलं सभागृह सार्वजनिक धरलं जातं, तिथं अधिकारी येऊ शकतात. ऑफिस, मुलांच्या वर्गखोल्या आणि स्वयंपाकघर मात्र खासगी. तिथं शिरायचं तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट हवं. 'आइस'च्याच अधिकाऱ्यानं सही केलेला कागद दिसायला वॉरंटसारखाच असतो, पण तो त्यासाठी पुरत नाही. आम्ही त्या खोल्यांवर 'खासगी' अशा पाट्या लावल्या आणि कागदावर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही, पत्ता आणि तारीख कशी तपासायची याचा सराव केला.

दारावर उभं राहायला मी हात वर केला, तेव्हा वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही नागरिक आहात का?" मी ग्रीन कार्डावर आहे. अधिकाऱ्यांशी बोलायचं काम नागरिकांनीच करावं, असं त्यांचं मत होतं, कारण गोष्ट वाढली तर माझा स्वतःचा दर्जा पणाला लागला असता. मला वाईट वाटलं, पण ते पटलं. दुसऱ्या मंडळ्यांनाही मी हेच सांगेन: ज्याला गमावण्यासारखं कमी आहे त्यानं पुढे उभं राहावं.

माझ्या वाट्याला कागद आले. शेजारच्या कुटुंबांना काय हवं, हे आम्ही त्यांनाच विचारलं. किराणा मिळतच होता. त्यांना हवं होतं इंग्रजी पत्रं वाचून दाखवणारं माणूस आणि कोर्टापर्यंत गाडी. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, आणि तारीख चुकली तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. घर बदललं की पाच दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं, नाहीतर तारखेचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. म्हणून मी प्रत्येकाचा नऊ अंकी 'ए' नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं त्याच्या फाइलीला दिलेला क्रमांक, घेऊन कोर्टाच्या वेबसाइटवर पुढची तारीख नियमित बघू लागले. फॉर्म भरून द्यायला मात्र मी ठाम नकार दिला. कुठल्या चौकटीत काय लिहायचं हा कायदेशीर सल्लाच असतो, आणि तो वकिलानं किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीनंच द्यावा. पैसे घेऊन चुकीचे अर्ज भरणारे लोक किती नुकसान करतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

एक्वादोरच्या एका कुटुंबाबरोबर मी न्यूअर्कच्या कोर्टात गेले. त्या २०२५च्या उन्हाळ्यात अनेक शहरांत कोर्टाच्या व्हरांड्यातच माणसं पकडली जात होती. वकिलांनी व्हिडिओवरून हजेरीची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या टेबलाशी बसलो. मुलांची जबाबदारी मावशीकडे देणारं मुखत्यारपत्र, मुलांचे पासपोर्ट, औषधांची यादी, वकिलाचा नंबर, सगळं एका फाइलीत लावलं. आई सही करताना थांबली आणि म्हणाली, "आता काही झालं तर मुलं परक्याकडे जाणार नाहीत." उद्या अटक झालीच तर आम्ही मध्ये पडायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. कुठे नेताय ते विचारायचं, वेळ लिहायची, वकिलाला फोन करायचा. ताब्यातला माणूस सरकारी वेबसाइटवर शोधायला 'ए' नंबर आणि जन्मदेश लागतो, तोही आमच्या खिशात होता.

त्या दिवशी कुणालाच पकडलं नाही. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, आम्ही सगळे मिळून खाली उतरलो आणि गाडीत बसेपर्यंत वडिलांनी धाकट्याचा हात सोडला नाही. त्या तारखेला सोबत जाणाऱ्यांची नावं ठरली आहेत, आणि स्पॅनिश बोलणारं आणखी एक माणूस आम्ही शोधतो आहोत.