टीव्हीसमोरची वाटी

रात्री साडेनऊनंतरचा तास-दीड तास माझा असतो. जेवणं झालेली, ओटा आवरलेला, मुलगी तिच्या खोलीत, नवरा झोपायच्या तयारीत. दिवसभरात पहिल्यांदाच कुणाला माझ्याकडून काही नको असतं. मी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसायचे, टीव्ही लावायचे आणि मांडीवर डबा घ्यायचे. डब्यात काय आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. वेफर्स, बिस्किटं, दाणे, घरात असेल ते. हे किती वर्षं चाललं होतं ते नक्की सांगता येणार नाही. दहा तरी असतील.

ही सवय मोडायचा प्रयत्न मी चार वेळा केला. तीनदा फसला, चौथ्यांदा जमला. फसला त्या प्रत्येक वेळी मी स्वतःला फार लावून घेतलं. मनाचा निग्रह नाही, जिभेवर ताबा नाही, असं काय काय. ते सगळं बोलणं अनाठायी होतं हे मला आता कळतं. दुसरं कुणी आज त्याच जागी असेल तर त्याचा तेवढा तरी त्रास वाचावा, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात एका साध्या प्रसंगाने झाली. बिस्किटांचा नवा पुडा मी फोडला होता. मालिकेचा भाग संपत आला तेव्हा हात पुड्यात गेला आणि नुसता कागद हाताला लागला. मुलीने मधे येऊन घेतली असतील असं वाटून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, मी खोलीतून बाहेरच आले नाहीये." म्हणजे अख्खा पुडा मी संपवला होता, आणि शेवटची सात-आठ बिस्किटं खाल्ल्याचं मला आठवतही नव्हतं. पोट जड होतं, एवढीच खूण. वजनाच्या काट्याने मला कधी घाबरवलं नव्हतं, पण या न आठवण्याने मी हादरले.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. घरात काही आणायचंच नाही. नऊ दिवस रेटलं. दहाव्या रात्री मी स्वयंपाकघरात दिवाही न लावता साखरेच्या डब्यात चमचा घालत उभी होते. दुसऱ्यांदा वेफर्सच्या जागी गाजर-काकडीचे तुकडे घेतले. हा सल्ला फार जण देतात, पण माझा अनुभव त्याच्या उलटा आहे. हात वाटीत, वाटीतून तोंडात, डोळे पडद्यावर ही साखळी त्यात जशीच्या तशी राहते, फक्त वाटीतला पदार्थ बदलतो. गाजरं संपली त्या दिवशी हाताने सरळ जुना डबा शोधला. तिसऱ्यांदा 'एकच वाटी' असं ठरवलं. ती वाटी दोनदा भरली जायची, पुढे तीनदा.

मग एक प्रयोग वाचनात आला आणि माझा सगळा विचार फिरला. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. चित्रपटगृहात आलेल्या लोकांना त्यांनी पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. आवडले म्हणून नव्हे, कारण शिळे आवडले नाहीत असं त्यांनी स्वतःच सांगितलं. तशाच लोकांना सभा-बैठका घेण्याच्या खोलीत पडद्यावर गाणी बघत बसवलं, तेव्हा मात्र शिळे पॉपकॉर्न त्यांनी बाजूला ठेवले. आणि चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळे कमी खाल्ले गेले.

मी ते पुन्हा वाचलं. शिळे पॉपकॉर्न खाणारी ती माणसं हावरट नव्हती, दुबळीही नव्हती. ती जागा, तो अंधार, तो पडदा त्यांचा हात हलवत होता. मग माझ्या सोफ्याचा डावा कोपरा माझा हात का हलवत नसेल?

खरं-खोटं करायला मी आठवडाभर एक वही टीपॉयवर ठेवली. टीव्ही लावण्याआधी भुकेला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यायचा, बाकी काही बदलायचं नाही. सातपैकी पाच दिवस आकडा दोन किंवा तीन होता. दोन दिवस सात होता, आणि त्या दोन्ही दिवशी मी जेवण उभ्या-उभ्या, फोनवर बोलत उरकलेलं होतं. ही दुसरी गोष्ट माझ्या ध्यानातही आली नसती. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझान हिग्ज यांचं काम नेमकं यावरच आहे. टीव्ही बघत दुपारचं जेवण जेवलेल्या स्त्रियांनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली, कारण लक्ष दुसरीकडे असताना घेतलेल्या जेवणाची आठवण पुसट राहते आणि पुढच्या खाण्यावर त्या आठवणीचाही लगाम असतो. मग रात्रीचं जेवण बसून, फोन लांब ठेवून, ताटाकडे बघत जेवायला लागले. हे अवघड नव्हतं, आणि साडेनऊची खरी भूक त्यानेच बहुतेक मिटली.

उरली ती भुकेशिवायची तलफ. तिच्यासाठी मी एकच नियम केला. खायचं असेल तर टीव्ही थांबवायचा, उठून जेवणाच्या टेबलाशी बसायचं आणि तिथे खायचं. काय खायचं, किती खायचं, यावर काही बंधन नाही. अख्खा पुडा खावासा वाटला तर अख्खा खायचा, पण टेबलाशी.

नुसतं 'आजपासून नाही' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं आधी ठरवलेलं जास्त पाळलं जातं, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच अभ्यासांतून दाखवलं आहे. म्हणून मी वाक्यच तयार केलं. "तोंडात काही टाकावंसं वाटलं, तर मी रिमोटचं बटण दाबून टेबलाशी जाईन." पहिले काही दिवस टीव्ही लावण्याआधी ते मोठ्याने म्हणायचे. नवऱ्याने एकदा ऐकलं आणि विचारलं, "कुणाशी बोलतेयस?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मी पण तिथे खात नाही." माझ्यासाठी त्याने हे करावं अशी माझी अपेक्षा नव्हती. त्याचा मला किती आधार झाला हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, नंतर सांगितलं.

जागाही बदलली. सोफ्याचा डावा कोपरा सोडून समोरच्या खुर्चीत बसायला लागले. डबा टीपॉयवरून हलला आणि स्वयंपाकघरात, ज्याला हात पोचायला स्टूल लागतं अशा फळीवर गेला.

पहिले पंधरा दिवस फार जड गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की तोंडाला पाणी सुटायचं. अक्षरशः. घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याबद्दल मी शाळेत शिकले होते, पण ती गोष्ट आपल्या जबड्यात जाणवणं वेगळं. चौथ्या रात्री मी इतकी कासावीस झाले की मालिकेत काय चाललंय ते कळेना. त्या रात्री घड्याळ बघितलं. तलफ वर चढत गेली, थोडी थांबली आणि उतरली. अकरा मिनिटं लागली. व्यसनमुक्तीवर काम करणारे अ‍ॅलन मार्लॅट आपल्या लोकांना सांगत की इच्छा ही लाट आहे, तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर तरंगा. मी तेव्हापासून तेच केलं. तिला दडपायचं नाही, फक्त बघत बसायचं. पुढच्या आठवड्यात ती पाच-सहा मिनिटांतच ओसरू लागली.

जाहिराती सगळ्यात वाईट. 2009 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना एक कार्टून दाखवलं. ज्यांना मधे खाद्यपदार्थांच्या जाहिराती दिसल्या त्या मुलांनी, दुसऱ्या जाहिराती पाहिलेल्या मुलांपेक्षा 45 टक्के जास्त खाल्लं. लहानांचं असं होतं तर मोठ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. जाहिरात लागली की मी आवाज बंद करून नजर काढून घ्यायचे.

हातांचा प्रश्न राहिला. मोकळे हात डबा शोधतात. टीव्ही बघताना कपड्यांच्या घड्या घाल, भाजी निवड, असं मला तिघी-चौघींनी सुचवलं. सल्ला प्रेमाने दिलेला होता, तरी मी तो घेतला नाही. दिवसातला तो एक तास माझा, त्यात पुन्हा घरकाम आणायचं मला मान्य नव्हतं. मी क्रोशाची सुई घेतली. त्यातून काही उपयोगाचं बनलं पाहिजे असंही ठरवलं नाही. टाके घालायचे, नको वाटलं तर उसवायचे. त्याची खरी गंमत अशी की दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि वाटीत हात घालायला सुई खाली ठेवावी लागते. तेवढ्या एका क्षणात आपण काय करतोय ते कळतं.

आणि टेबलाशी? तिथे मी आधी जवळजवळ रोज जायचे. टीव्ही थांबवलेला, घर शांत, समोर बशीत तीच क्रीमची बिस्किटं. तिसरं तोंडात असताना लक्षात आलं की मला ही आवडतच नाहीत. क्रीम टाळूला चिकटत होतं आणि गोडाशिवाय त्याला काही चव नव्हती. इतकी वर्षं मी माझ्या वाट्याचे शिळे पॉपकॉर्न खात होते. दाणे मात्र आवडतात. दाणे मी अजूनही खाते, टेबलाशी, एकेक करून. दाण्याचा आवाज होतो, आणि साल सुटून जिभेवर येतं तेव्हा थोडा कडवटपणा असतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

सगळ्यात उशिरा कळलं ते याहून खोलातलं. एका रात्री तलफ नव्हती, तरीही चैन पडत नव्हतं. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. विचार केल्यावर उमगलं, डबा मांडीवर घेणं म्हणजे दिवस संपल्याची खूण होती. आता कुणी हाक मारली तरी मी उठणार नाही, असं मी त्या डब्याने स्वतःला सांगत होते. डबा गेला आणि दिवस संपेनासा झाला. खाणं सोडणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते बहुतेक जण इथेच परत फिरतात. मी दुसरी खूण शोधली. ओटा आवरला की पाय कोमट पाण्याने धुते, कोरडे करते, खोलीतला मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला लहान लावते. तो दिवा लागला की माझा दिवस संपला. मुलीलाही ते ठाऊक झालंय. दिवा लागलेला असला की ती दारातूनच म्हणते, "राहू दे, उद्या सांगते."

किती दिवस लागले? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात 96 जण होते. नवी कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक, म्हणजे मधला आकडा, 66 निघाला, पण माणसागणिक लागलेले दिवस 18 पासून 254 पर्यंत बदलत होते. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सर्रास ऐकायला मिळतं, त्यावर मी पहिल्यांदा विसंबले असते तर बाविसाव्या दिवशी पुन्हा खचले असते. मला साधारण तीन महिने लागले. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती, की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

ती कामी आली. मधे घरी पाहुणे होते, चार रात्री सगळे टीव्हीसमोर बसून खात होते आणि मीही खाल्लं. पाचव्या रात्री दिवा लावला, खुर्चीत बसले, सुई घेतली. पूर्वी अशा वेळी मी 'मोडलंच आहे तर मोडू दे' म्हणून महिनाभर वाहवत जायचे. आणखी एकदा, पंधरा दिवस बाहेरगावी राहून परतल्यावर पहिल्याच रात्री तलफ जुन्या जोराने आली. मला वाटलं सगळं वाया गेलं. पण विझलेली सवय काही काळाने अशी आपोआप डोकं वर काढते, हे पाव्हलॉव्हनेच नोंदवून ठेवलं आहे. जुनं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकलेलं बसतं. घड्याळ लावलं. सात मिनिटं. दुसऱ्या रात्री तीन.

एक गोष्ट अजून नीट जमलेली नाही, ती म्हणजे थेट प्रक्षेपित होणारा सामना. तो थांबवून टेबलाशी जावंसं वाटत नाही, आणि रंगात आला की नवऱ्याचे आणि माझे दोघांचेही हात वळवळतात. सध्या आम्ही मध्यंतर धरून ठेवलं आहे. मध्यंतर झालं की आवाज बंद करून दोघं टेबलाशी बसतो, दाणे खातो, कोण जिंकेल यावर वाद घालतो. खेळाडू मैदानात उतरताना दिसले की तो घाई करतो, "चल, चल, सुरू झालं." मग वाट्या टेबलावरच राहतात आणि आम्ही आपापल्या जागी जाऊन बसतो.