तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दोघी नुसत्या मैत्रिणी होत्या का हो?

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, तेवीस वर्षं झाली. ज्यांच्या मुली इकडे शिकायला येतात ते आईबाप एकदा तरी आमच्याकडे जेवायला येतात आणि मग मी त्यांना गाडीत घालून फिरवून आणते. नॉर्थॅम्प्टनला स्मिथ कॉलेज, तिथून थोडं पुढे साउथ हॅडलीला माउंट होलियोक, दोन्ही मुळात बायकांसाठीच काढलेली कॉलेजं. नॉर्थॅम्प्टनच्या मेन स्ट्रीटवर इंद्रधनुषी झेंडे दिसले की बाबा लोक दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात आणि परतीच्या वाटेवर आई हळूच विचारते, पूर्वीपण असायचं का हो हे, बायकांचं बायकांवर प्रेम, की आत्ताचं फॅड? मी एखादी जुनी जोडी सांगितली की लगेच पुढचा प्रश्न, पण त्या नक्की तशा होत्या का, की नुसत्या मैत्रिणी?

गाडीत धड उत्तर देता येत नाही, राउंडअबाउट येतात, म्हणून इथे लिहिते.

पूर्वीपण होतं, आणि लपूनछपून तर अजिबात नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातलं बायकांचं व्हासार कॉलेज १८६५ मध्ये सुरू झालं, आणि १८७३ मध्ये येल विद्यापीठाच्या मुलांच्या पेपरात व्हासारमधल्या या प्रकाराचं वर्णन छापून आलंय, त्याला पोरी 'स्मॅश' म्हणायच्या. म्हणजे एखादी दुसरीवर फिदा झाली की आधी फुलांचे गुच्छ, मग रंगीत कागदावरच्या चिठ्ठ्या, मग गोळ्या-चॉकलेटची पुडकी, कधी केसांची बट, असं करत करत समोरची पटेपर्यंत. ॲलिस स्टोन ब्लॅकवेल, म्हणजे ल्युसी स्टोन या स्त्रीहक्कवालीची मुलगी, तिने १८८२ च्या एका पत्रात लिहिलंय की दोघींचंही जमलं तर रात्र रात्र जागून गप्पा मारतात आणि एकीचंच असलं तर ती रडून रडून आजारी पडते. तिला हे बरं वाटत नव्हतं हां, शेकडो मुली एका ठिकाणी कोंडल्या की असंच होणार असं तिचं मत. पण तिची काळजी तब्येतीची आणि अभ्यासाची, पाप वगैरे नाही.

हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण मला आमचं पुण्याचं हॉस्टेल आठवलं. १९८७. सांगलीची एक सिनियर होती, एमेस्सीची, आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटे उठून बंबाच्या रांगेत उभं राहून मी दोन बादल्या भरायचे, एक माझी, एक तिची. तिने कधी सांगितलं नव्हतं भर म्हणून. पोरी हसायच्या, ती पाहा बादली निघाली म्हणायच्या. चॉकलेटच्या पुडक्याऐवजी गरम पाणी, एवढाच फरक.

असो. कॉलेज संपल्यावर बहुतेकींचं स्मॅश संपायचं आणि लग्न व्हायचं, पण सगळ्यांचं नाही. ब्रिन मॉर हे बायकांचं कॉलेज फिलाडेल्फियाच्या शेजारी १८८५ मध्ये उघडलं (आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियातच बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकत होत्या), तिथून १८८९ ते १९०८ या काळात पास झालेल्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त बिनलग्नाच्या राहिल्या. आता यात सगळं प्रेम शोधू नका. लग्न केलं की नोकरी जायची हा साधा हिशोब होता. बॉस्टनजवळच्या वेलस्ली या बायकांच्या कॉलेजच्या प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुख, ॲलिस फ्रीमन, एवढी मोठी पोस्ट, १८८७ मध्ये लग्न ठरलं आणि पद सोडलं. मग जिला शिकवायचं होतं, पुस्तकं लिहायची होती, ती घर कोणाबरोबर करणार? दुसऱ्या प्राध्यापिकेबरोबर. वेलस्लीत हे इतकं कॉमन होतं की त्याला 'वेलस्ली मॅरेज' म्हणायचे. 'अमेरिका द ब्यूटिफुल' हे गाणं, जे इथे शाळेत पोरं म्हणतात, ते लिहिणाऱ्या कॅथरिन ली बेट्स वेलस्लीला इंग्रजी शिकवायच्या आणि अर्थशास्त्राच्या कॅथरिन कोमनसोबत राहायच्या. कोमन १९१५ मध्ये कॅन्सरने गेल्या, बेट्सनी नंतर त्यांच्या आठवणीत कवितांचं अख्खं पुस्तक काढलं.

ब्रिन मॉरच्या एम. केरी थॉमस तर वेगळंच प्रकरण. झुरिकहून डॉक्टरेट, बरोबर मैत्रीण मेमी ग्विन, दोघी कॅम्पसवर एकत्र राहायच्या. पण रेल्वेवाल्या श्रीमंत घरातली मेरी गॅरेटही आयुष्यात होती, आणि गॅरेटने कॉलेजला कळवलं की थॉमसला प्रेसिडेंट करा, ती त्या पदावर आहे तोवर मी वर्षाला दहा हजार डॉलर देईन. १८९४ मध्ये थॉमस प्रेसिडेंट. १९०४ मध्ये ग्विन एका प्रोफेसरशी लग्न करून गेली आणि गॅरेट राहायला आली. (थॉमसबाईंना देव्हाऱ्यात बसवू नका, काळ्या आणि ज्यू मुलींच्या बाबतीत त्या फार वाईट वागल्या.)

पण मला खरी आवडते, आणि त्रासही देते, ती साउथ हॅडलीची जोडी. मेरी वूली वेलस्लीला शिकवायच्या, जेनेट मार्क्स तिथली विद्यार्थिनी, बारा वर्षांनी लहान. आज असं झालं असतं तर चौकशी बसली असती आणि बसायलाच हवी, पण ते सोडा. १९०१ मध्ये वूली माउंट होलियोकच्या प्रेसिडेंट झाल्या आणि मार्क्सला इंग्रजी विभागात नोकरी मिळाली. छत्तीस वर्षं वूलींनी कॉलेज चालवलं, १९३२ मध्ये अमेरिकेने त्यांना जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेला पाठवलं. कॅम्पसवर कुजबुज होतीच, मार्क्सला प्रेसिडेंटच्या वशिल्याने सगळं मिळतं अशी.

आणि या मार्क्सने १९०८ मध्ये काय केलं, तर मुलींच्या कॉलेजातल्या अशा 'अविचारी मैत्र्यां'विरुद्ध एक लेख लिहिला! छापला नाही कधी, पण लिहिला. दोन बायकांमधलं असलं प्रेम अपुरं आणि विकृत असतं असा सूर, आणि लिहिणारी वूलींची जन्माची जोडीदार. तोवर युरोपातल्या डॉक्टर लोकांची, हॅव्हलॉक एलिस वगैरे मंडळींची पुस्तकं आली होती, त्यात शाळा-कॉलेजातल्या मुलींची प्रेमं आजाराच्या कप्प्यात टाकलेली. जे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी येलच्या मुलांच्या पेपरातला विनोद होतं त्याला रोगाचं नाव मिळालं. मला वाटतं ती घाबरली. स्वतःचं घर कोणी त्या कप्प्यात टाकायच्या आत आपणच दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं व्हावं, असं काहीतरी.

१९३७ मध्ये वूली रिटायर झाल्या, जागेवर पुरुष नेमला गेला, वूली परत त्या कॅम्पसवर पाऊल टाकायला गेल्या नाहीत. न्यूयॉर्क राज्यात वेस्टपोर्टला मार्क्सच्या घरी राहिल्या, १९४७ मध्ये जाईपर्यंत. पुढे १९७० च्या दशकात चरित्र लिहिणाऱ्या बाईंनी दोघींची पत्रं वाचली तर त्यांना इतका धक्का बसला की आधी पुस्तकच सोडून द्यावं असं वाटलं.

आता लोक म्हणतात तेव्हाची पत्रांची भाषाच लाडीगोडीची होती, त्यावरून काय ठरवता. भाषा तशी होती हे खरंय. पण एखादे प्रोफेसर आणि त्यांच्या मिसेस चाळीस वर्षं एकत्र राहिले तर तुम्ही विचारता का, नक्की होतं ना हो, पुरावा दाखवा? बायकांच्या बाबतीतच आपल्याला खोलीतला पंचनामा लागतो.

आणि खरंच विचारायचं असेल तर जिवंत बायकांना विचारावं लागतं. तेही एकीने केलं. कॅथरिन बेमेंट डेव्हिस, स्वतः व्हासारची, हिने बायकांना नाव न लिहिता भरायचे फॉर्म पाठवले आणि २२०० जणींच्या उत्तरांवरून १९२९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या १२०० बिनलग्नाच्या, कॉलेज शिकलेल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी लिहिलं की हो, दुसऱ्या बाईत जीव गुंतला होता, आणि सुमारे पाव जणींनी शरीराचंही होतं हे कबूल केलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पोस्टाने फॉर्म आला, भरला, परत पाठवला.

माझ्या सांगलीच्या सिनियरचं लग्न मिरजेला झालं, मी गेले होते, पंगतीत जिलबी वाढली, येताना एसटीत मला ताप भरला. मैत्रिणी म्हणाल्या उन्हाचा. मीही तेच म्हणाले. तेव्हा डेव्हिसबाईंचा फॉर्म माझ्या खोलीवर आला असता तर मी 'नाही' लिहून दिलं असतं, एका मिनिटात, खोटं बोलतोय हे न कळता. आज आला तर 'हो' लिहीन, आणि खाली बादलीचंही लिहीन.