घरातल्या कोळ्याच्या पिल्लांची ओळख पटवताना

पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी, नाशिकमधल्या आमच्या घरात छताच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीत आणि गॅलरीतल्या तुळशीवर जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे कोळी दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, जळमटं काढायच्या आधी ही विषारी तर नाहीत ना, एवढं बघून घे.” बहुतेक सर्व कोळ्यांना विषग्रंथी असतात, पण एवढ्या लहान पिल्लांचे दात माणसाच्या त्वचेत शिरत नाहीत, हे मी त्यांना सांगू शकले. मात्र ही पिल्ले नेमकी कोणाची, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि ते मला मनापासून हवे होते.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमना विचारले, तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात माझी अपेक्षा जागेवर आणली. कोळ्याची जात खात्रीने ठरते ती मुख्यतः प्रौढ नराच्या आणि मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून, आणि पिल्लांमध्ये ती रचना तयारच झालेली नसते. शिवाय पिल्लांचा रंग फिकट असतो आणि प्रत्येक वेळी कात टाकल्यावर तो बदलत जातो. जगात आजवर नोंदवलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या 2022 मध्ये 50,000 च्या पुढे गेली. तेव्हा नुसता रंग पाहून नाव ठरवणे व्यर्थ आहे. “कुळापर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ झालं,” असे त्या म्हणाल्या, आणि मी पुढचे सगळे काम त्याच बेताने केले.

साधने साधीच होती: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स आणि आलेखाचा कागद. पिल्लू पारदर्शक डबीत घेऊन ती डबी आलेखाच्या कागदावर ठेवली की छायाचित्रातच मिलिमीटरचे माप मिळते. आधी हा कोळीच आहे ना, हे पाहायचे. आठ पाय एवढी एकच खूण पुरेशी नाही, कारण मृगाच्या किड्यालाही आठ पाय असतात. परंतु त्याचे शरीर सलग असते, तर कोळ्याचे शिरोवक्ष आणि उदर असे दोन भाग बारीक देठासारख्या कमरेने जोडलेले स्पष्ट दिसतात.

छतावरच्या पिल्लांचे कोडे त्यांच्या आईनेच सोडवले. लांबलचक, केसासारखे पाय असलेली ती मादी विस्कळीत जाळ्यात उलटी लटकलेली होती आणि तिने अंड्यांचा गोल पुंजका पोटाशी न धरता थेट जबड्यात धरला होता. फोल्सिडी कुळातल्या माद्यांची ही सवयच आहे. जाळ्याला हलकासा स्पर्श करताच ती इतक्या वेगाने थरथरू लागली की तिची आकृती धूसर झाली, आणि मागच्या टोकाला कोनदार झालेल्या उदरावरून मॅडमनी छायाचित्र पाहून क्रॉसोप्रायझा लायोनी हे नाव सुचवले. शेजारच्या पिल्लांचे पायही शरीराच्या मानाने फार लांब होते. पिल्लाआधी आई शोधावी, हे मला या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत उपयोगाचे पाऊल वाटते.

खिडकीतल्या पिल्लांची आई सापडली नाही, पण तिची गरजही नव्हती. जाळे नाही, चाल थबकत थबकत, मध्येच उडी, आणि भिंगातून पाहिले की समोरच्या मधल्या दोन डोळ्यांची जोडी इतर सहा डोळ्यांपेक्षा ठळक मोठी: हे साल्टिसिडी, म्हणजे उड्या मारणारे कोळी. त्यांतले एक पिल्लू मी ओल्या कापसाचा बोळा ठेवलेल्या, टोचून भोके पाडलेल्या डबीत वाढवले. केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे हे त्याचे अन्न. त्याने टाकलेली प्रत्येक कात मी जपून ठेवली. काही काता टाकल्यावर त्याच्या तोंडाजवळचे दोन आखूड अवयव (नर कोळ्याची जननेंद्रिये हीच) मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे टोकाशी फुगले, म्हणजेच तो प्रौढ नर झाला. काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असलेला तो नर प्लेक्सिपस पेकुली असल्याचे मॅडमनी त्या अवयवांच्या रचनेवरून सांगितले, आणि मग मी त्याला खिडकीतच सोडून दिले.

हेच फुगलेले अवयव भिंतीवरच्या एका चपट्या, दोन-तीन मिलिमीटरच्या कोळ्यातही दिसले. तो पिल्लू नव्हताच! इकोबियस प्रजातीचे कोळी पूर्ण वाढले तरी एवढेच राहतात, भिंतीच्या खाचेवर लहानसे पसरट जाळे विणतात आणि मुख्यतः मुंग्या खातात. दिसेल तो प्रत्येक बारीक कोळी पिल्लू असेल असे गृहीत धरू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला घरात मिळाले नसते.

तुळशीवरच्या पिल्लांनी मात्र कुळापलीकडे जाऊ दिले नाही. गोल, चक्राकार जाळे पाहून अरेनिडी कुळाचा अंदाज बांधता आला, पण आई जवळपास असेलच असे नाही. अनेक जातींची पिल्ले उंच जागी चढून उदर वर करतात, रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि त्याच्या आधाराने दूरवर जातात; या उड्डाणाला वाऱ्याबरोबरच वातावरणातील विद्युत क्षेत्राचीही मदत होऊ शकते, असे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले. ती आमच्या गॅलरीत कुठून आली असतील, हे सांगता येत नाही. वहीत त्यांच्या छायाचित्रांखाली मी “अरेनिडी, पिल्ले, तुळस” एवढेच लिहिले आहे. छतावरची जळमटे सासूबाईंनी पिल्ले पांगल्यानंतरच काढली.