काचेचं कापड : आमची वाटचाल

कारखान्यात नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही नक्की बनवता काय?" पाटीवर 'इलेक्ट्रॉनिक व कंपोझिट मटेरिअल्स' लिहिलंय, त्यातून कुणाला काही कळत नाही. मग मी त्याच्या हातात पिवळट-हिरवा, दीड मिलीमीटर जाडीचा एक तुकडा देतो. "कापड आहे. काचेचं. आठ थर एकावर एक ठेवून इपॉक्सी नावाच्या राळेत शिजवलेलं." सोलापूरच्या माणसाला एवढं पुरतं.

आमचं घर पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दिवसरात्र मागांचा खडखडाट. आजोबा आणि वडील जेकार्ड चादरी काढायचे. नव्वदच्या दशकात पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून स्वस्तात विकला जाऊ लागला आणि आमच्या चार मागांचा हिशोब बसेना. मी आयटीआय केलेलं होतं. मोटार रिवाइंडिंगवाल्यांना बेकलाइटच्या, म्हणजे वीज अडवणाऱ्या कडक प्लास्टिकच्या, पट्ट्या आणि वॉशर कापून द्यायला लागलो. शेडच्या कोपऱ्यात एक ड्रिल, एक करवत. शीट मुंबईहून यायची. शीट कापणाऱ्यापेक्षा ती बनवणाऱ्याला जास्त सुटतं हे कळायला दोन वर्षं लागली. वडिलांनी दोन माग विकले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि एक जुना हायड्रॉलिक प्रेस आणला.

धंदा आम्हाला नवा होता, जगाला नव्हता. बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1907 मध्ये बेकलाइट शोधलं. 1913 च्या सुमारास अमेरिकेत दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या, जागी वापरायला राळेचा पत्रा काढला. 'फॉर मायका' वरून त्याचं नाव पडलं फॉर्मायका. आज ते नाव स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी येऊन थांबलंय, मूळ काम वीज अडवण्याचं. आम्ही वापरतो त्या काचेच्या धाग्याला 'ई-ग्लास' म्हणतात, त्यातला 'ई' इलेक्ट्रिकलचा.

प्रेस बसला तेव्हा मला भलताच आत्मविश्वास होता. राळ लावायचं यंत्र ओळखीचंच. कापड राळेच्या हौदातून जातं, दोन रोलरांत पिळलं जातं, गरम भट्टीतून वाळून बाहेर येतं, मग थर लावून प्रेसमध्ये जातं. ज्याने सुताला खळ चढवायचं सायझिंगचं मशीन पाहिलंय त्याला यात शिकायचं काय? काचेच्या कापडाला 7628 असा नंबर. मी भिंग लावून मोजलं, इंचाला 44 उभे धागे, 31 आडवे. साधी वीण. आमच्या टॉवेलचा कारागीर झोपेत काढेल असं कापड. एका व्यापाऱ्याकडे तेच मोजमाप स्वस्तात मिळालं, ते उचललं.

पहिल्या लॉटच्या शीट दिसायला छान होत्या. ड्रिल घातलं की भोकाभोवती पांढरी कडा यायची, आणि महिन्याभरात थर सुटायला लागले. राळ देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने विचारलं, "फिनिश कोणतं?" मी म्हटलं, "फिनिश एकदम मऊ आहे." तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

काचेचा धागा विणताना तुटू नये म्हणून त्यालाही स्टार्च लावतात. पण विणून झाल्यावर तो जाळून काढावा लागतो आणि मग सिलेन नावाचं रसायन चढवतात, तेच फिनिश. त्याचं एक टोक काचेला धरतं, दुसरं राळेला. आमच्या कापडावर विणाईचा स्टार्च तसाच होता. धागे मोजून कापड कळतं हा आमचा तीन पिढ्यांचा समज त्या दिवशी मोडला. तो सगळा लॉट शेडच्या मागे पत्र्याखाली बरीच वर्षं पडून होता.

प्रेसमध्ये जाण्याआधी कापडावरची राळ अर्धवट शिजलेली कितपत हवी हे मात्र आईने पटकन पकडलं. 171 अंशांच्या तव्यावर राळेची चिमूटभर पूड टाकायची, काडीने ढवळत राहायचं आणि तार धरून ती तुटायला लागली की घड्याळ थांबवायचं. आई म्हणाली, "अरे, हा तर पाकच की." सोलापूरच्या उन्हाळ्यात ही वेळ रोज बदलायची, म्हणून कापडाची खोली थंड ठेवायला एसी घेतला, घरात एसी यायला त्यानंतर सहा वर्षं लागली. लोडशेडिंगच्या काळात प्रेस तापलेला असताना वीज गेली की आतला माल गेलाच म्हणून समजा. शेवटी कर्ज काढून जनरेटर घेतला.

तांबं चढवलेले बोर्ड आम्ही थोडे थोडे करायचो, पुण्याच्या लहान पीसीबीवाल्यांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड बनवणाऱ्यांसाठी. जुलै 2006 पासून युरोपने शिशाच्या सोल्डरवर बंदी आणली आणि निर्यातवाल्यांचं सोल्डरिंग बदललं. जुनं सोल्डर 183 अंशांना वितळायचं, नवं 217 च्या पुढे. त्या उष्णतेत आमच्या बोर्डांना पापडासारखे फुगे यायला लागले. एका गिऱ्हाइकाने अख्खा माल परत पाठवला, तो मान्य. पण आधीच्या चांगल्या मालाचे पैसेही अडवले, ते अजून आलेले नाहीत. त्या वर्षभरात मी हुतात्मा एक्स्प्रेसने किती वेळा पुण्याला गेलो, मोजलं नाही.

दोष उष्णतेइतकाच ओलाव्याचा होता. बोर्डात मुरलेलं पाणी एकदम वाफ होऊन थर फोडतं. ते तपासायची रीत सोपी निघाली. तुकडा प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास ठेवायचा, पुसायचा आणि 260 अंशांच्या सोल्डरमध्ये वीस सेकंद बुडवायचा. पहिला कुकर घरचाच नेला. आईने तो परत घेतला नाही. मग राळ घट्ट करणारा हार्डनर बदलला, कापड वाळवायची भट्टी वाढवली. तरी दोन वर्षांनी हिशोब केला तेव्हा दिसलं की तांब्याच्या बोर्डात चीनच्या भावाशी आपण पुरे पडत नाही. ते काम बंद केलं. आता ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरसाठी जाड शीट करतो, त्या कापून, भोकं पाडून तयार भाग देतो. दहा-वीस नगांची ऑर्डर मोठे कारखाने घेत नाहीत, आम्ही घेतो.

थर लावायच्या टेबलावर आमच्या जुन्या मागावरचे एक काका आहेत. आठही थरांचे उभे धागे एकाच दिशेला यावे लागतात; एक जरी आडवा गेला तरी शीट थंड होताना पिळवटते. पोरं कापडाच्या कडेला मार्करने बाण काढतात. काका बाण बघत नाहीत, अंगठा फिरवतात आणि कापड वळवून ठेवतात. संध्याकाळी घरी जाताना मात्र काचेच्या खाजेवर कोपरापर्यंत खोबरेल चोळतात आणि म्हणतात, "चादरीने हा त्रास कधी दिला नाही."