असईचे गावकूस आणि मिठाईचे खोके

गेली दोन वर्षे आमच्या घरात कोणताही रिकामा खोका मला विचारल्याशिवाय कचऱ्यात जात नाही. आई औषधाचे खोके हातात धरून दारात उभी राहते आणि विचारते, "अरे, हे टाकू, की ह्यातही कुणी राहायला येणार आहे?" बहुतेक वेळा कुणीतरी राहायला येणार असते. आमच्या माळ्यावर सध्या पाच घरे, दोन नद्या आणि एक अख्खे गावकूस आहे, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू पूर्वी मिठाई, गोळ्या, अंडी किंवा शर्ट यांच्या वेष्टनाचा भाग होती.

टेबलावरचे युद्धखेळ हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर रणांगण मांडायचे, रंगवलेले छोटे शिपाई, घोडेस्वार आणि तोफा त्यावर उभ्या करायच्या, मोजपट्टीने अंतर मोजत पलटणी पुढे सरकवायच्या आणि गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरवायचा. शिपाई विकत घ्यावे लागतात, ते परदेशातून येतात आणि खिशाला बऱ्यापैकी चाट लावतात. जमीन मात्र घरी करता येते. तिला खेळणारे लोक 'टेरेन' म्हणतात. नवखा खेळाडू तिला शोभेची वस्तू समजतो, पण खेळात ती नियमांइतकीच महत्त्वाची असते, कारण कोण कोणाला पाहू शकतो, तोफ कुठून उतरू शकते आणि घोडदळ कुठे अडते हे सगळे तीच ठरवते.

आम्ही तिघा मित्रांनी २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई मांडायचे ठरवले, तेव्हा हे फार लवकर ध्यानात आले. असई हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेची ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली. नदी ओलांडायला दुसरा उतार जवळपास नाही असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. पण केळणेच्या दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली त्याला दिसली, आणि ज्या अर्थी गावे अशी वसली आहेत त्या अर्थी मधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तर्क खरा ठरला. ब्रिटिश फौज तिथून पलीकडे गेली; शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व करणाऱ्या पोलमनने आपली रांग वळवून तिचे एक टोक केळणेला आणि दुसरे असई गावाला टेकवले. पुढे ब्रिटिशांच्या उजव्या बगलेवरची तुकडी आणि तिच्यामागून ७४वी हायलँडर पलटण गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांच्या माऱ्यात अक्षरशः भाजून निघाली. म्हणजे नदीचा एक उतार आणि गावाभोवतीची मातीची भिंत, म्हणजे गावकूस, या दोन गोष्टी टेबलावर नीट उतरल्या नाहीत तर शिपाई कितीही सुंदर रंगवलेले असोत, ती लढाई असईची राहणार नाही.

पहिली अडचण प्रमाणाची आली. आमचे शिपाई १५ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे साधारण शंभरास एक या प्रमाणातले. त्यांच्या घराचा दरवाजा दोन सेंटिमीटर उंच हवा. परंतु जमिनीचे प्रमाण आम्ही एका सेंटिमीटरला वीस मीटर असे धरले होते, नाहीतर दोन्ही नद्या टेबलावर मावल्याच नसत्या. या हिशेबाने सहा सेंटिमीटर रुंदीचे एक साधे घर एकशेवीस मीटर जागा व्यापते, जी एखाद्या संस्थानिकालाही जास्तच झाली असती. अशा खेळात उंचीला शिपायाचे माप आणि पसाऱ्याला जमिनीचे माप लावावे लागते, आणि संपूर्ण गाव पाच घरांवर भागवावे लागते. गाव साडेतीनशे-चारशे मीटरचे धरले तर त्याच्या वाट्याला टेबलावर जेमतेम वीस सेंटिमीटर येतात. मिठाईचा एक किलोचा खोका साधारण तेवढाच असतो. त्याच्या झाकणावर गावाची आखणी करताना, हे झाकण आपण सहा महिने उगाच सांभाळले नव्हते, याचे मला फार समाधान वाटले.

घरे करताना मात्र मी सणसणीत चुकलो. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा गुळगुळीत कागद पाणी लावून सोलला की आत लाटा दिसतात आणि त्या कौलांसारख्या दिसतात, ही युक्ती हा छंद करणाऱ्या जगभरच्या लोकांना ठाऊक आहे. मी दोन पाखी छपरे केली, त्यांवर लाटांचा पुठ्ठा चिकटवला, विटकरी रंग दिला आणि खुशीत येऊन त्याचे छायाचित्र मावशीला पाठवले. मावशीचे सगळे आयुष्य भोकरदनच्या बाजूला गेले आहे. तिने लगेच फोन केला. "आपल्याकडं अशी कौलं कुठं असतेत रे? हे तर कोकणातलं घर दिसायलंय."

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि चूक केवळ प्रदेशाची नव्हती. मी केलेली सपाट, ओळीत बसणारी कौले मंगळुरी होती, आणि बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. असईच्या लढाईनंतर साठेक वर्षांनी जन्मलेली कौले मी वेलस्लीच्या तोफांसमोर मांडली होती. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे धाब्याचे, म्हणजे लाकडी सऱ्यांवर किलचा, म्हणजे बारीक लाकडांचा थर, आणि त्यावर मातीचा जाड थर दिलेले सपाट माळवद. लहानपणी मावशीकडे याच माळवदावर आम्ही झोपलो होतो, तिथल्या सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, खाली स्वयंपाकघरात डोकावलो होतो, आणि तरीही पुठ्ठा हातात आल्यावर माझ्या हाताने पुठ्ठ्याला जमेल ते घर केले. हा धोका टाकाऊ वस्तूंत कायम असतो. वस्तूचा आकार आयता असतो आणि तो आपल्याला हळूच स्वतःच्या सोयीच्या ठिकाणी घेऊन जातो.

नवी घरे मी औषधांच्या आणि टूथपेस्टच्या खोक्यांची केली. खोका उलगडायचा, आतली करडी बाजू बाहेर येईल असा परत घडी घालायचा आणि चिकटवायचा. बाहेरच्या चकचकीत बाजूवर रंग नीट धरत नाही, आतल्या बाजूवर धरतो. माळवद भिंतीच्या माथ्याहून तीन-चार मिलिमीटर खाली बसवले की कठडा आपोआप तयार होतो. कठड्याखाली बाहेर आलेल्या सऱ्यांची टोके उदबत्तीच्या काड्यांची आहेत. सवण्यासाठी पेनच्या रिफिलचा छोटा तुकडा कापून छपरात बसवला. दारे मी मुद्दाम बुटकी ठेवली, कारण मावशीकडे प्रत्येक पाहुण्याचे कपाळ चौकटीवर आपटलेले मी पाहिले आहे.

सर्वांत जास्त वेळ गावकुसाने घेतला. पन्हळी पुठ्ठ्याच्या अडीच सेंटिमीटर उंचीच्या तीन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून भिंत उभी केली. तिच्यावर मातीचा पोत आणण्यासाठी अंड्यांचे कागदी ट्रे रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी हाताने कुस्करून पिळून काढले, आणि त्या लगद्यात फेविकॉल व कुंडीतली चाळलेली माती मिसळली. (हे काम मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होते, असे मी घरात एकदाच बोललो.) लगदा सुकताना आकसतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. पहिल्यांदा त्या बुजवायला मी नवा लगदा कालवायला घेतला होता, पण थोडे लांब उभे राहून पाहिल्यावर लक्षात आले की पावसाळा झेललेल्या मातीच्या भिंतीला अशाच भेगा असतात. तेव्हा त्या तशाच ठेवल्या. आकसण्याचा दुसरा परिणाम मात्र सोडून देण्यासारखा नव्हता: लगदा एकाच बाजूला लावल्यामुळे त्याने पुठ्ठा आपल्याकडे ओढला आणि सरळ भिंत केळ्यासारखी वाकली. उपाय सोपा आहे, दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखा थर द्यायचा, आणि तळाचा पुठ्ठा सुकेपर्यंत वरवंट्यासारख्या जड वस्तूखाली दाबून ठेवायचा. रंगाच्या बाबतीतही मावशीचा सल्ला घेतला. मी तपकिरी धरून बसलो होतो. तिने सांगितले की भिंती पांढरीच्या मातीच्या असतात. मग काळपट तपकिरी थरावर घराला लावून उरलेला मळकट पांढरा डिस्टेंपर जवळजवळ कोरड्या ब्रशने घासून दिला. भेगांत गडद रंग राहिला, उंचवटे उजळले, आणि अंड्याचा ट्रे पहिल्यांदाच दिसेनासा झाला.

अशा कामाने पर्यावरण वाचते, असे लिहिण्याचा मोह या छंदातल्या अनेकांना होतो, पण मला ते पटत नाही. कोरा पुठ्ठा रद्दीवाला किलोवर घेतो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. मी त्याला फेविकॉल, माती आणि डिस्टेंपर फासला की त्याची ती वाट कायमची बंद होते. म्हणून रद्दीवाला जे घेत नाही, म्हणजे थर्माकोल, गोळ्यांच्या पट्ट्या, आतून चंदेरी असलेले रसाचे खोके, ते आधी वापरावे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि तो निम्म्या वेळा मोडतो. टाकाऊ सामानाचा मला झालेला खरा फायदा वेगळाच आहे. दोन हजार रुपयांचे तयार घर चुकीचे निघाले असते तर मी ते चुकीचेच वापरत राहिलो असतो आणि मावशीला काहीतरी कारण सांगितले असते. औषधाच्या खोक्याची कौलारू घरे मी त्याच संध्याकाळी फोडली. दिवाळीतला किल्ला करताना लहानपणी हीच मोकळीक असायची: बुरूज ढासळला तर पुन्हा थापायचा, अळीव उगवले नाहीत तर पुन्हा पेरायचे, आणि सिंहासनावरचे महाराज दरवाज्याहून चौपट उंच असले तरी कोणाचे काही बिघडत नसे.

नद्यांसाठी नव्या शर्टाच्या घडीत येणारा पुठ्ठा वापरला. तो घट्ट असतो आणि कमी वाकतो. तीस सेंटिमीटरचे तुकडे केले, दोन्ही टोकांची रुंदी एकाच साच्याने आखून घेतली, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जुळतो. काठ उभे आणि कापल्यासारखे हवे होते, ते थर्माकोलच्या पट्ट्यांचे केले. फक्त उताराच्या तुकड्याला काठ तिरका तासून गाड्यांच्या चाकोऱ्या ओढल्या. पाण्याला निळा रंग दिला नाही, कारण सप्टेंबर अखेरीस मराठवाड्यातल्या नदीला निळी म्हणण्याचे धाडस फक्त नकाशा करतो. गढूळ रंगावर फेविकॉलचे तीन पातळ थर दिले, ते सुकून पारदर्शक आणि ओलसर दिसू लागले, आणि मी सगळे तुकडे एकावर एक रचून माळ्यावर ठेवले. जुलैत खाली काढले तेव्हा केळणा आणि जुई यांचा कायमचा संगम झालेला होता. पावसाळी दमट हवेत फेविकॉल पुन्हा मऊ होतो आणि दाब असला की चिकटतो, हे ज्ञान मला दोन्ही नद्या ओढून वेगळ्या करताना मिळाले. आता वर वॉर्निशचा हात असतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये धुऊन कापलेली दुधाची पिशवी. या पिशवीला फेविकॉल अजिबात धरत नाही, त्यामुळे काम करताना खाली पसरायलाही तीच उत्तम.

थर्माकोलविषयी एवढेच सांगतो की त्याच्यावर फवाऱ्याचा रंग थेट मारू नये. गणपतीची मखरे कापत लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढीला हे माहीत असायला हवे होते, पण मी एका टेकाडावर फवारा मारला आणि त्यातल्या द्रावकाने टेकाडाचा पाच मिनिटांत ज्वालामुखी केला. आधी फेविकॉल आणि काळा रंग यांचा जाड हात ब्रशने द्यावा, तो पूर्ण सुकू द्यावा, आणि तरीही शक्यतो फवारा वापरूच नये. कापण्यासाठी नवे पाते घ्यावे. बोथट पात्याने दाणे सुटतात आणि ते आठवडाभर पायमोज्यांत सापडतात.

बाकीचे सोपे होते. सोललेल्या पन्हळी पुठ्ठ्याला, कौले म्हणून अपात्र ठरल्यावर, नांगरलेल्या शेताचे काम मिळाले आणि तो तिथे फार शोभला. हिरव्या घासणीचे तुकडे काटेरी तारेच्या काड्यांवर खोवून बाभळी केल्या. चहाचा चोथा जमिनीवर पसरायला चांगला, मात्र तो आधी धुवावा आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवावा. साखर राहिली तर बुरशी येते आणि मुंग्या त्याहून आधी येतात.

गेल्या महिन्यात लढाई झाली. मी शिंद्यांच्या बाजूने खेळत होतो. ७४वी पलटण याही वेळी गावाच्या फार जवळ आली, कारण गावकूस टेबलावर खरोखर उभे होते आणि माझ्या मित्राला त्याच्यामागच्या दोन तोफा मोजताच आल्या नाहीत. तरीही संध्याकाळी केळणेकडच्या बाजूने माझी रांग फुटली आणि मी हरलो. रणांगणाची छायाचित्रे रात्री मावशीला पाठवली. तिने माळवदे पसंत केली, भिंतीच्या भेगांचे कौतुक केले, आणि मग विचारले, "पर गावाला वेस कुठंय? मान्सं आत जातेत कुठून?"

दोन वर्षे काम करून, तीन जणांनी दिवसभर खेळून, एकालाही दिसले नव्हते की आमच्या गावकुसाला दारच नाही. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठाकापीने दक्षिणेकडे वेस काढली आणि दोन बाजूंना टूथपेस्टच्या झाकणांचे बुरूज उभे केले. दाराच्या दोन फळ्यांना पुरेल एवढी जाड काडेपेटी शोधतो आहे. आईला तसे सांगून ठेवले आहे.